लाल दोऱ्याचा जहला

निशांतने गाडी तिसऱ्यांदा हलवली. पहिल्यांदा सावली नव्हती, दुसऱ्यांदा उद्घाटनाला येणाऱ्या वालीसाहेबांची गाडी तिथेच येणार असं कुणीसं म्हणालं, आणि तिसऱ्यांदा का हलवली ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मस्कतच्या अल हैलहून निघाल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. वाटेत सुवैकला सगळे करक चहा प्यायला थांबले, तर अर्धा कप तसाच टाकून हा गाडीत बसून हॉर्न देत होता. बौशरच्या ऑफिसात शंभर माणसांसमोर बिनधास्त बोलणारा माणूस, पण वडिलांविषयी चार वाक्यं बोलायची म्हटल्यावर त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं.

"'माझ्या वडिलांच्या या घरात कधी कुठला भेद नव्हता,'" इंजिन बंद करता करता त्याने पुन्हा म्हणून पाहिलं. "'गावातला कोळी असो की भारतातून आलेला इंजिनिअर, सगळ्यांची एकच पंगत.' आई, पंगतीला इंग्लिशमध्ये काय म्हणू?"

किशोरीबाई दार उघडून खाली उतरल्यासुद्धा होत्या. "काही म्हणू नकोस," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

एक्केचाळीस वर्षांनी त्या या दारात उभ्या राहत होत्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक पडवी, वर खजुराच्या खोडांचं छत. पंचाहत्तर साली डॉ. चंद्रहास खांबेटे सरकारी दवाखान्याचे डॉक्टर म्हणून या सहम गावात आले, तेव्हा दवाखान्याची इमारत अजून कागदावरच होती. म्हणून घरमालक खमीस यांच्या या घरात पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागच्या खोलीत संसार, असा नऊ वर्षं कारभार चालला. गावात पहिलं इंजेक्शन इथे टोचलं गेलं, पहिला विजेचा दिवा इथे लागला, आणि निशांतही इथेच जन्मला. आता भिंतींना नवा गिलावा झाला होता, छताखाली एसी घुमत होता आणि दारावर अरबी आणि इंग्रजीत पाटी होती. 'बैत अल दख्तर'. डॉक्टरांचं घर.

"उम निशांत!"

निशांतची आई, अशी अरबीत हाक मारत खमीस यांची मुलगी सफिया अबाया सावरत धावत आली. निशांत झाला तेव्हा आठ वर्षांची, दिवसभर किशोरीबाईंच्या स्वयंपाकघरात मुक्काम ठोकून बसणारी. आता शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. भावांनी घर पाडून दुकानं काढायचं म्हटलं, तेव्हा तिने त्यांच्याशी दोन वर्षं भांडून ते वाचवलं आणि तिसऱ्या वर्षी त्याचं संग्रहालय केलं. गावात तिला काही जण वेडी म्हणतात, हे ती स्वतःच हसून सांगायची.

"मी सगळं होतं तसंच ठेवलंय," तिने किशोरीबाईंचे दोन्ही हात धरले. त्या दोघींची भाषा म्हणजे थोडी हिंदी, थोडी अरबी आणि उरलेली त्यांनी दोघींनीच बनवलेली. "एकसुद्धा वस्तू मनाची लावलेली नाही. बघ तू. चूक काढून दाखव!"

मैथिली, निशांतची बायको, सासूच्या मागे एका पावलावर होती. तिने पाहिलं, सासूबाईंचे हात सफियाच्या हातांत होते, पण डोळे तिच्या खांद्यावरून पडवीकडे गेले होते. तिथे, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, सावलीत दोरीला टांगलेला एक जहला होता, पाणी गार ठेवायचा तो इथला छोटा मातीचा माठ. त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला होता आणि वरून खास दिवा सोडलेला. अख्ख्या घरात एवढा उजेड दुसऱ्या कशावरच नव्हता.

"आजी, इकडे ये ना!" मधुवंती पडवीतून ओरडली. सोळा वर्षांची नात. कार्डांवरचा मजकूर मराठीतही हवा, असा सफियाचा हट्ट होता आणि ते काम गेले दोन आठवडे मधुवंतीकडे होतं. "मी करेक्ट लिहिलंय का बघ. धिस वन इज द बेस्ट स्टोरी." आणि ती बोट ठेवून वाचू लागली:

"'हा जहला फक्त श्री. यशवंत तायडे यांच्यासाठी होता. ते दवाखान्याचा जनरेटर बसवायला आणि चालवायला आले आणि रोज दुपारी इथे जेवत. त्यांच्या जहल्याला दुसऱ्या कोणालाही हात लावायची परवानगी नव्हती. डॉक्टरांच्या घरी पाहुण्याचा मान असा ठेवत.'"

"दोरा नवा आहे हां," मागून सफिया म्हणाली. "जुना गळून गेला. सोहारच्या सूकमध्ये चार दुकानं फिरले, तेव्हा तसाच लाल मिळाला."

किशोरीबाई काही बोलल्या नाहीत. मैथिली त्यांना सव्वीस वर्षं ओळखत होती. सासूबाई रागावल्या की बोलायच्या, आजारी असल्या की जास्त बोलायच्या. गप्प बसलेल्या तिने त्यांना एकदाच पाहिलं होतं, चार वर्षांपूर्वी, चंद्रहास गेले त्या दिवशी.

"आई, पाणी देऊ?" तिने विचारलं.

"पाणी नको," किशोरीबाई इतक्या जोरात म्हणाल्या की मधुवंतीने वळून पाहिलं.

सफियाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचा सगळ्यात मोठा बेत अजून सांगायचाच होता. "सुरुवात आपण पाण्याने करायची. वालीसाहेबांनी फीत कापली की मॅडम ललिता येतील, तायडेसाहेबांच्या मिसेस. साहेब तर आता नाहीत. मी सोहारला शोधून काढलं त्यांना, मुलाकडे असतात. उम निशांत, तू याच जहल्यातून त्यांना पाणी द्यायचं. पहिला घोट त्यांचा. मग घर सगळ्यांना खुलं."

"ललिता येणार आहे?"

"इन्शाल्ला. वाटेतच आहेत."

साडेचार वाजले होते. वाली पाचला येणार होते. वाली म्हणजे इथले कलेक्टरच समजा, आणि ते वेळेवर येणारे होते, हे आणखी एक संकट.

*

अश्विन तायडेने कार्ड दोनदा वाचलं, एकदा इंग्रजीत आणि खात्री करायला एकदा मराठीत. मग तो हसला. ते हसू ऐकून दारातला खुर्च्या मांडणारा माणूस थांबला.

"आई, वाचलंस?"

"वाचलं," ललिताबाई म्हणाल्या. पांढरी साडी, खांद्यावर शाल, हातात पर्स. त्या जहल्यासमोर देवळातही कुणी राहत नाही इतक्या ताठ उभ्या होत्या.

"पाहुण्याचा मान! वा. चला, निघू या."

"अरे अश्विन!" निशांत लगबगीने आला. दोघे एकमेकांना लहानपणापासून ओळखत होते. मस्कतला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दर वर्षी भेट, दिवाळीला फराळाचा डबा, एखाद्या शुक्रवारी क्रिकेट. "बरं झालं वेळेवर आलात. काकू, बसा ना."

"हे तू वाचलंयस?" अश्विनने कार्डाकडे बोट केलं.

"हो, म्हणजे सफियाने लिहिलंय. तिची आठवण आहे. छान आहे ना?"

"निशांत, तुला खरंच माहीत नाही, की माहीत नसल्यासारखं करतोयस?"

निशांतला माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही. कुणी कधी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण ताटाभोवती काही गोष्टी न सांगताच वाढल्या जातात. तायडेकाकांचं नाव निघालं की बाबा विषय बदलायचे, आणि आई उठून आत जायची. त्याने त्याचा अर्थ लावायचं टाळलं होतं, आणि सत्तेचाळीस वर्षं टाळलेली गोष्ट आता पाच मिनिटांत समोर येऊन उभी होती.

"तुझे बाबा आमच्याकडे रोज जेवायचे," तो म्हणाला. "सत्त्याहत्तर साली, यार. तेव्हा भारतात..."

"पडवीत जेवायचे. आत नाही. आणि ताट स्वतः विसळून उलटं घालून ठेवायचे. ते पण लिही ना कार्डावर."

"हळू बोल. लोक आहेत."

"कुठले लोक? इथे मराठी समजणारे आपणच आहोत."

मैथिली पडवीत आली तेव्हा दोघांचे चेहरे पाहून तिला अर्ध्याहून जास्त कळलं आणि उरलेलं अश्विनने दोन वाक्यांत सांगितलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. खरं तर सकाळी गाडीत बसल्यापासून ती त्याची समजूत घालत होती, भाषण चांगलं आहे म्हणत होती, पंगतीला शब्दसुद्धा शोधून दिला होता.

"ती ओळ काढ," ती म्हणाली.

"कुठली?"

"कुठला भेद नव्हता, ती."

"मैथिली, तू पण? बाबांच्या नावाचं घर आहे हे! आज, आत्ता, वाली येत असताना? कोणाला काय फरक पडतो? त्या बाईने एवढ्या प्रेमाने केलंय, तिची चांगली आठवण कशाला मोडायची?"

"आणि काकूंनी त्यातलं पाणी प्यायचं?"

निशांतने फोन काढला, भाषण उघडलं, बंद केलं आणि गाडी नीट लागलीय का ते बघून येतो म्हणून बाहेर निघून गेला.

*

मागच्या खोलीत एक लाकडी बाक होतं. किशोरीबाई त्यावर बसत होत्या, उठत होत्या, पुन्हा बसत होत्या. ललिताबाई आल्या तेव्हा त्या उभ्याच होत्या.

"बस ना, ललिता."

"बसते, वहिनी."

दोघी बसल्या. दर वर्षी हळदीकुंकवाला, गणपतीला, कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला त्या भेटत आल्या होत्या, आणि गुडघे, सुना, मस्कतचे भाव यांवर तासन्‌तास बोलल्या होत्या.

"मला माहीत नव्हतं ती असं काही लिहिणार आहे," किशोरीबाई म्हणाल्या. "तुला हे कधीपासून..."

"मला लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितलं होतं यांनी. म्हटलं, तुला डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे, तर हे आधीच माहीत असू दे."

"रागावले होते?"

"नाही हो. राग त्यांना परवडायचा नाही तेव्हा." ललिताबाईंनी पर्सची चेन उघडली, लावली. "म्हणाले, त्या बाई रोज सकाळी स्वतः भरायच्या. पाणी फार गार असायचं. मला ना वहिनी, तेच जास्त लागलं. गार असायचं म्हणून सांगितलं त्यांनी. चव लक्षात ठेवली होती."

किशोरीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपल्याला आत्ता रडू येतंय याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी ते पदराने पुसून टाकलं.

"चोवीस वर्षांची होते मी. पेणहून निघताना आईने बजावलं होतं, परक्या मुलखात चाललीस, पण आपलं सोडू नकोस. इथे मला कुणी ओळखत नव्हतं. कुणी बघणारं नव्हतं. तरी मी ते केलं, ललिता. कुणी बघत नसताना केलं."

ललिताबाईंनी मान हलवली. हो म्हणून, की समजलं म्हणून, ते कळलं नाही.

"मी तमाशा करणार नाही," त्या म्हणाल्या. "अश्विनला मी सांभाळते. पण ते पाणी मी पिणार नाही. तुमच्या हातून तर नाहीच. वाली असोत, नाहीतर सुलतान."

"नको पिऊस," किशोरीबाई उठल्या. "मी सांगते सफियाला."

सांगायचं काय, याची त्यांना अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती आणि ती स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात ठेवली होती. मघाशी मधुवंती पुढचं कार्ड वाचत असताना त्यांनी ते ओझरतं पाहिलं होतं. स्टीलचा छोटा ग्लास, कडेला कोरलेलं फूल. खाली लिहिलं होतं: 'सफियाचा ग्लास. डॉक्टरांच्या पत्नीने लहान सफियासाठी खास वेगळा ठेवलेला. यातून दुसरं कोणीही पाणी पीत नसे.'

जहला उतरवायचा, तर तो ग्लासही उतरणार होता.

*

सफिया कपाटाच्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होती. किशोरीबाई आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. ते पुरतं लागलं नाही. बाहेर मैथिली आणि मधुवंती होत्या, गाडी चौथ्यांदा लावून आलेला निशांतही होता.

"सफिया, लाल दोऱ्याचं कार्ड काढ."

"का? चूक आहे? मी तिघांकडून तपासून घेतलं."

"मान नव्हता तो." त्यांनी सोप्या सोप्या शब्दांत सांगायला घेतलं, दुसरी भाषा असली की पळवाटा कमी असतात. "यशवंतची जात वेगळी होती. आम्ही त्यांना खालचे समजायचो. त्यांचा हात लागलेलं पाणी प्यायचो नाही. म्हणून जहला वेगळा. आमच्या जहल्यात चुकून मिसळू नये म्हणून दोरा."

सफियाला पहिल्यांदा समजलंच नाही. "पण तुम्ही एकाच देशाचे."

"हो."

"भाषा एक."

"हो."

"अल्लाह! आणि दख्तर? ते तर कोळ्याच्या पायाचं गळू स्वतःच्या मांडीवर घेऊन फोडायचे."

बाहेर निशांत दाराच्या फटीशी सरकला. किशोरीबाईंना ते कळलं असावं. नवऱ्याला वाचवायला एक 'नाही' पुरलं असतं.

"त्यांनी कधी काढ म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "रोज बघायचे. एकदाही म्हटलं नाही."

सफियाने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई, तिला एक धडा दुसऱ्याला जोडायला वेळ लागला नाही. ती कपाटाकडे वळली. तिने ग्लासाकडे पाहिलं आणि मग किशोरीबाईंकडे.

"उम निशांत. माझा ग्लास?"

हे सांगायला आता जगात कुणी उरलं नव्हतं. खमीस गेले, सफियाची आई गेली, चंद्रहास गेले. 'तुझा लाडाचा होता' एवढं म्हटलं असतं, तर म्हातारपणापर्यंत सफियाने ते जपलं असतं. किशोरीबाईंचा खूप जीव होता तिच्यावर. म्हणूनच तोंड उघडायला त्यांना इतका वेळ लागला.

"तोही," त्या म्हणाल्या. "तू मुसलमान म्हणून."

सफिया जवळच्या खुर्चीवर बसली. डॉक्टरांची ती खुर्ची, तिच्यावर तिनेच 'कृपया बसू नये' लिहून ठेवलं होतं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "सहा भावंडांत मला घरी स्वतःचं काही नव्हतं. कपडेसुद्धा बहिणीचे. आणि इथे माझा ग्लास होता. आख्ख्या गावात मिरवायचे मी."

"निशांत झाला तेव्हा तुझ्या आईने चाळीस दिवस माझं सगळं केलं. तिच्या हातचं खाल्लं, प्यायले. त्यानंतर माझ्याच्याने ते झालं नाही. तुला घरातल्या ग्लासात पाणी दिलं मी."

"मला आठवत नाही."

"तू रडलीस. फेकून दिलास. म्हणालीस, माझा ग्लास दे. मग मी परत तोच देत राहिले."

सफिया हसली की रडली, ते दाराबाहेरच्यांना नीट कळलं नाही. बाहेर गाड्यांचे दरवाजे वाजले. कुणीतरी "आले, आले" म्हणालं.

ती उठली. कपाट उघडून तिने ग्लासाचं कार्ड काढलं, ग्लास मात्र तिथेच ठेवला. पडवीत जाऊन तिने लाल दोऱ्याचं कार्ड काढलं. दोन्ही अबायाच्या खिशात घातली.

"आंटी, मी नवीन लिहून देऊ?" मधुवंती म्हणाली. "फाइव्ह मिनिट्स. खरं खरं लिहिते."

"नको. लिहिलं की लोक वाचतात आणि पुढे जातात." सफियाने एक खुर्ची ओढली, जहल्याजवळ ठेवली आणि किशोरीबाईंना म्हणाली, "तू इथे बस. जो विचारेल त्याला तूच सांग. मला जसं सांगितलंस तसं. यल्ला, चल."

ती वालींच्या स्वागताला गेली. जाताना तिने किशोरीबाईंकडे पाहिलं नाही, मघाशी धरले तसे हातही धरले नाहीत, आणि किशोरीबाईंना ते फार लागलं.

*

निशांतचं भाषण तीन वाक्यांत आटोपलं. माझे वडील इथे नऊ वर्षं डॉक्टर होते. माझा जन्म इथला. आई आत बसली आहे, तिला विचारा. टाळ्या वाजल्या. खाली उतरताना मैथिलीने त्याचा दंड धरला आणि त्या दिवसात पहिल्यांदा तो एका जागी उभा राहिला.

पाण्याचा कार्यक्रम झालाच नाही. कावा, ही इथली कॉफी, आणि हलवा सगळ्यांना एकाच थाळ्यातून फिरला. अश्विन गाडीची किल्ली हातात नाचवत आईची वाट पाहत होता. ललिताबाई मात्र आत वळल्या. दुसरी एक खुर्ची त्यांनी स्वतःच उचलून आणली आणि किशोरीबाईंपासून हातभर अंतरावर मांडली. बसल्या, पर्स मांडीवर घेतली.

वालीसाहेब फिरत फिरत पडवीत आले. मागे पंधरा-वीस माणसं. दिव्याखालच्या जहल्यासमोर ते थांबले, कार्ड शोधलं, सापडलं नाही. मग त्यांनी खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाईंकडे वाकून अदबीने विचारलं, "हा कोणाचा?"

किशोरीबाईंनी गर्दीत सफियाला शोधलं. ती सगळ्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"हा यशवंत तायडे यांचा," त्या मोडक्या अरबीत म्हणाल्या. "इथे पहिला दिवा लावला, ते. मी त्यांना आमच्या पाण्याला हात लावू दिला नाही. म्हणून हा वेगळा टांगला. सहा-सात महिने..."

"चौदा," ललिताबाई म्हणाल्या.

किशोरीबाई वळल्या.

"चौदा महिने, वहिनी. ते मोजत होते."

वालीसाहेब या बाईंकडून त्या बाईंकडे बघत थांबले होते. किशोरीबाईंनी खुर्चीच्या दांड्याला धरून स्वतःला उभं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

"हा यशवंत तायडे यांचा," त्या म्हणाल्या. "चौदा महिने."